दुष्काळाने वसवलेले घर : शारदासदन ते मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने घेत केडगावला येते. येथे उतरणाऱ्यांपैकी काहींची पावले नारायण महाराजांच्या बेटातल्या दत्तमंदिराकडे वळतात, काहींची मुक्ती मिशनच्या आवाराकडे. १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली याच स्टेशनाच्या आसऱ्याने या माळावर आल्या. अंगावर हाडे आणि कातडे, डोक्यात उवा, हातापायांना खरूज, बोली हिंदी. त्यांच्यासाठी तेथे घर नव्हते. नुकतीच लागवडीला आणलेली जमीन, विहिरीचे पाणी, फळझाडांची कोवळी रोपे, तंबू आणि गवती छपराच्या झोपड्या एवढाच संसार होता. खरे तर या मुलींना पुण्यातच ठेवायचे, असा पंडिता रमाबाईंचा बेत होता. प्लेगाने तो मोडला आणि एका शहरी विधवागृहाची खेड्यातली वसाहत झाली.

या संस्थेचा इतिहास लिहिताना आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न पडतोच. कागदोपत्री तो ११ मार्च १८८९ हा आहे. त्या दिवशी मुंबईत रमाबाईंचे विधवागृह, शारदासदन, उघडले. पण संस्थेच्या पुढच्या वाटचालीचा उलगडा हवा असेल तर आणखी मागे, १८७० च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाकडे जावे लागते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला होता. तीर्थक्षेत्रे फिरत, पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर हे कुटुंब जगत असे. दुष्काळ आला तशी दक्षिणा आटली. भांडी गेली, दागिने गेले. मोलमजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागायला जीभ वळत नाही, अशा अवस्थेत ही माणसे मरण्याच्या तयारीने रानात गेली. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले, असे रमाबाईंनी पुढे आत्मकथनात लिहिले आहे. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसे जमेनात. तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी असल्याने त्यांना तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला.

भागवत मुखोद्गत असूनही पोट भरत नाही, हे त्या मुलीने त्या वयात पाहिले. पुढे केडगावात विणकामाचे माग, तेलाचा घाणा, गाईगुरे, छापखाना हे सारे का आले, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला या अकरा दिवसांत सापडते.

१८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्याला पोचल्या. तेथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले. पंचविशीही न गाठलेली ही विधवा कडेवर तान्ही मुलगी घेऊन पुण्यात आली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी तिचे स्वागत केले. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज निघाला. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना, हिंदी स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, असे रमाबाईंनी ठासून सांगितले. त्या दिवसांत पुण्याचे आणि रमाबाईंचे चांगले जमले होते.

दुरावा आला तो २९ सप्टेंबर १८८३ नंतर. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या होत्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळात राहत असताना त्या दिवशी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत आधीच मागे पडला होता. पुण्यात एकच गदारोळ झाला. त्या गदारोळात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले एक नाव मात्र या स्मरणिकेत यायलाच हवे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ मधून रमाबाईंच्या धर्मांतराच्या हक्काचे समर्थन केले. फुल्यांनाही दुष्काळ ठाऊक होता. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. दहा वर्षे विधवागृहाचा खर्च चालवण्याची हमी या संस्थेने घेतली. सोबत एक अट होती : संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा. रमाबाईंनी ती मान्य केली.

शारदासदनात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई नातू. भाऊ नरहरपंत यांनी तिला येथे आणून सोडले. नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या वर्धापनदिनीच, गोदूबाईंशी पुण्यात पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, सगळ्यांच्या ‘बाया’ कर्वे. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवांची शाळा कशी चालते हे आतून पाहिलेली बाई त्यांच्या घरातच होती. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थांची वंशावळ मांडताना शारदासदनाचा हा धागा बऱ्याचदा निसटतो.

सदन मुंबईहून पुण्याला आले ते नोव्हेंबर १८९० मध्ये. पुण्यात खर्च कमी आणि ज्यांच्यासाठी संस्था, त्या ब्राह्मण विधवांची वस्तीही येथेच. त्याच महिन्याच्या २८ तारखेला रमाबाईंची बाजू घेणारे जोतीराव फुले गेले.

पुण्यातली पहिली तीन वर्षे धामधुमीची होती. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. विधवांना स्वयंपाकघराबाहेर काढून बाकावर बसवणारी ही शाळा. येथे केशवपनाची सक्ती नव्हती. बागेत फिरायला, पुस्तके वाचायला, हसायला मोकळीक होती. पण रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे ठेवत. हळूहळू काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणाला बोलावले नाही आणि येणाऱ्याला दार लावून घेणेही आपल्याला जमणार नाही. टिळकांच्या ‘केसरी’चे म्हणणे असे की, आईबापांनी मुली शिकायला पाठवल्या, धर्म सोडायला नव्हे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

स्मरणिकेत असे प्रकरण दोन ओळींत उरकण्याची रीत आहे. ती येथे पाळणे बरे नाही. पालकांची तक्रार पोकळ नव्हती. तटस्थतेचे वचन दिलेल्या घरात घरधनिणीची श्रद्धा इतकी जिवंत आणि इतकी जवळ असेल तर कोवळ्या वयाची निराधार मुलगी तिच्याकडे ओढली जाणारच. दुसरीकडे, या मुलींना तोवर एका घरातही माणूस म्हणून वागवले गेले नव्हते, हेही तितकेच खरे. सदनातून काढून नेलेल्या मुलींपैकी किती जणींच्या हातात पुन्हा पुस्तक आले असेल, याची चिंता त्या वादात फारशी कोणी केलेली दिसत नाही.

या घडामोडीचा एक परिणाम व्यवहारी होता. बोस्टनची हमी दहा वर्षांची. ती १८९८ मध्ये संपणार. पुण्याचा आधार तुटलेला. तेव्हा संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहीर खणवली. संत्री, लिंबे, आंबे लावले. फळबागेच्या पैशातून पुण्यातले सदन चालावे, असा तो हिशेब होता. त्या जमिनीवर माणसांचीच वस्ती होईल, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

१८९६ चा पाऊस हुकला. मध्य प्रांतात कहर झाला. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, गरीबखान्यांत कोंबलेली माणसे यांच्या बातम्या येऊ लागल्या. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते दुष्काळसंहितेतले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगत होते. सारा भरू नका, सवलत मागा, म्हणत होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. जाण्यापूर्वी त्यांच्या मनाची चलबिचल झाली होती : पैसा नाही, जागा नाही आणि सदनाचा निधी तर उच्चवर्णीय विधवांसाठी बांधलेला. तेथे त्यांनी पाहिले ते उपासमारीहून भयंकर होते. एकट्या पडलेल्या मुलींना गरीबखान्यांच्या आवारातही सुरक्षितता नव्हती. त्यांना हेरून पळवणारे दलाल फिरत होते आणि ज्यांच्या ताब्यात त्या होत्या, त्यांतल्याही काहींची नजर चांगली नव्हती. यावर रमाबाईंनी त्याच वर्षी स्पष्ट शब्दांत लिहिले.

त्यांनी जमतील तेवढ्या मुली सोबत आणल्या. काही महिन्यांत हा आकडा तीनशेच्या घरात गेला.

पुण्यात त्याच वेळी प्लेग शिगेला पोचला होता. प्लेग अधिकारी रँडच्या कमिटीचे गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत होते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. अशा शहरात बाहेरून आणलेल्या शेकडो दुर्बळ मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून केडगाव. त्याच सुमारास प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड होते, तिच्याविषयी रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यातले आरोप फेटाळले. चार वर्षांपूर्वी शारदासदनावर तुटून पडलेला ‘केसरी’ आणि शारदासदनाच्या चालक या वेळी एकाच जुलमाविरुद्ध लिहीत होत्या, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

केडगावला पहिले काम शाळेचे नव्हते. आंघोळ घालणे, केस काढणे, जखमा धुणे, थोडे थोडे अन्न देणे. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढले तर ते जिवावर बेतते. काही मुली अन्न लपवून ठेवत, कारण उद्या मिळेल याची खात्री त्यांच्या शरीराला पटलेली नव्हती. हे सगळे कोणी केले? शारदासदनात शिकलेल्या मोठ्या मुलींनी. काही वर्षांपूर्वी ज्यांची सावलीही घरच्यांना अशुभ वाटत होती, त्या विधवा आता अनोळखी जातींच्या मुलींना न्हाऊमाखू घालत होत्या, अक्षरे गिरवून घेत होत्या. संस्थेच्या स्वरूपात खरा बदल झाला तो येथे. शारदासदन उच्चवर्णीयांसाठी होते. मुक्तीच्या दारात जात विचारली जात नव्हती. बोस्टनच्या निधीचा पैसा या मुलींवर खर्च करता येत नव्हता, म्हणून ‘मुक्ती’ ही वेगळी संस्था म्हणून उभी राहिली. यथावकाश शारदासदनही तेथेच गेले.

१८९९-१९०० च्या दुष्काळाला गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात; विक्रम संवत १९५६ चा तो. या वेळी रमाबाईंनी गुजरात-काठेवाडकडे माणसे धाडली. मुक्तीची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. त्या काळच्या केडगाव गावापेक्षा हे आवार बहुधा मोठे असावे. मराठी, हिंदी, गुजराती, कानडी अशा चार भाषा एका अंगणात बोलल्या जात.

एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचे आणि तेही केवळ परक्यांच्या देणगीवर नव्हे, हा रमाबाईंचा आग्रह. म्हणून दिवसाचा काही भाग शाळा आणि काही भाग काम अशी विभागणी झाली. शेतावर ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला पिकवायचा. गोठ्यात शंभरावर गुरे, दूधदुभते, शेणखत. मागावर स्वतःच्या अंगावरची लुगडी विणायची. घाण्यावर तेल गाळायचे. शिवण, धुलाई, रंगकाम, स्वयंपाक, रोग्यांची शुश्रूषा, बालवाडीच्या शिक्षिकेचे प्रशिक्षण यांपैकी ज्या मुलीला जे जमेल ते तिने शिकायचे. त्या काळी मराठी मुलुखात घाणा तेल्याचा, माग कोष्ट्याचा, धुणे परटाचे अशी कामांची वाटणी जन्माने ठरलेली होती. मुक्तीत ब्राह्मण घरातली विधवा घाण्याजवळ उभी राहत होती आणि गोंड किंवा चांभार घरातली मुलगी छापखान्यात खिळे जुळवत होती. दुष्काळनिवारण म्हणजे शिधावाटप, या समजुतीच्या फार पुढे गेलेली ही रचना होती.

गरजा वेगळ्या तशी घरे वेगळी. फसवल्या गेलेल्या, बाहेर टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. म्हाताऱ्या आणि दुर्बळ बायांसाठी प्रीतिसदन. मुलग्यांसाठी सदानंद सदन. अंधांसाठी बार्तीमी सदन. येशूकडे दृष्टी मागणाऱ्या बार्तीमयाच्या नावावरून हे नाव आले. मनोरमा अमेरिकेत शिकत असताना ब्रेल शिकून आली होती. तिने ते मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवले. त्या मुली वेताच्या वस्तू, टोपल्या विणत आणि वाचायला शिकलेल्या अंध मुली इतरांना वाचायला शिकवत.

पैशाची बाजू श्रद्धेची होती आणि ती श्रद्धेचीच म्हणून सांगायला हवी. इंग्लंडात ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर देणगी मागत नसत, प्रार्थना करत; त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून मनिऑर्डरी येत. १९०४ पासून ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्र निघू लागले, त्यातून दूरच्या लोकांना हकीकत कळे. १९०५ मध्ये येथे सामूहिक प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची दखल जगभरच्या ख्रिस्ती मंडळांनी घेतली. दुष्काळातून आलेल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हे लपवण्यासारखे नाही आणि रमाबाईंनी ते कधी लपवलेही नाही. यावरचा आक्षेप तेव्हाही होता. लाला लजपत राय यांनी १८९७ नंतर उत्तरेत हिंदू अनाथांसाठी जी चळवळ उभी केली, तिच्या मुळाशी हीच चिंता होती. त्या चढाओढीत हजारो मुले जगली, एवढे नोंदवून पुढे जावे.

मनोरमा ही संस्थेचा दुसरा आधारस्तंभ. तिने मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, शाळेची जबाबदारी सांभाळली, निजामाच्या मुलुखात गुलबर्ग्यात शाळा काढली. १९२१ च्या जुलैत, चाळिशीतच, ती मिरजेला वारली. तोवर रमाबाईंच्या कानांनी पुरती साथ सोडली होती. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते. त्यांचे लक्ष मात्र वेगळ्याच कामात गुंतलेले होते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावात गेल्या. संस्था बंद पडली नाही. निराधार मुली, अंध आणि अपंग स्त्रिया, वृद्धा यांना केडगावच्या आवारात आजही घर मिळते. शाळा आणि रुग्णालयाचा उपयोग आसपासच्या गावांनाही होतो. १९८९ मध्ये शारदासदनाच्या शताब्दीच्या वर्षी भारतीय टपालखात्याने रमाबाईंचे तिकीट काढले.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंचे लक्ष गुंतले होते ते बायबलच्या भाषांतरात. मराठीत बायबल आधीपासून होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर. केडगावच्या शेतावर काम करणाऱ्या बाईला ती कळत नसे आणि वेदान्तातून आलेले शब्द भलताच अर्थ सोबत आणत. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ ग्रंथ समोर ठेवून, रमाबाईंनी साध्या बोलीत नवे भाषांतर करायला घेतले. संस्कृत पंडिता म्हणून ज्यांची कीर्ती, त्यांनी आयुष्याची अखेरची अठरा-एक वर्षे संस्कृत शब्द गाळण्यात घालवली. पहाटे उठून त्या लिहीत. हस्तलिखित आवारातल्याच छापखान्यात जाई. मृत्यूच्या थोडे आधी शेवटचा मजकूर तपासून झाला आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापील फर्मे घड्या घालून शिवणाऱ्या, पुठ्ठे चिकटवणाऱ्या सगळ्या मुक्तीच्याच बाया होत्या. त्यांतल्या कित्येक जणी या आवारात आल्या तेव्हा त्यांना स्वतःचे नावही वाचता येत नव्हते.